सत्तावन्न सेंटांचा खटका

व्यापारी घरांत किल्ल्यांचा जुडगा हा कर्त्या माणसाच्या अंगाचाच एक भाग होऊन बसलेला असतो. दुकानाच्या शटरची किल्ली, गल्ल्याची, गोदामाच्या दोन कुलपांची, घरातल्या कपाटाची, आणि त्याच कड्यात ओवलेली मोटारीची. गाडी सुरू केली की हा सारा भार स्टिअरिंगच्या बगलेत लोंबकळत राहतो. तो कधी जिवावर बेतेल, असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. अमेरिकेत मात्र शेवरोले गाड्यांच्या बाबतीत नेमके तेच घडले. आणि त्या प्रकरणाची कागदपत्रे आज सर्वांसमोर असल्याने, मोठ्या पेढीत एक लहानशी चूक कशी वाढत जाते, हे त्यात पानोपानी पाहता येते.

जनरल मोटर्स या कंपनीची शेवरोले कोबाल्ट ही लहान गाडी २००५ चे मॉडेल म्हणून बाजारात आली. तिच्या इग्निशन स्विचमध्ये, म्हणजे किल्ली फिरवण्याच्या खटक्यात, स्प्रिंगने रेटलेली एक बारीक दांडी असते. किल्ली ‘चालू’च्या जागी आली की ही दांडी खाचेत बसते व किल्लीला तेथेच धरून ठेवते. कोबाल्टमधील ही दांडी आखूड होती आणि तिची पकड कंपनीनेच ठरवलेल्या मापापेक्षा बरीच कमी होती. रस्त्यातला खड्डा, गुडघ्याचा धक्का किंवा जड जुडग्याचा हिसका एवढ्याने किल्ली मागे सरके. इंजिन बंद पडे; स्टिअरिंग व ब्रेक यांना मिळणारे यांत्रिक साहाय्य थांबे. आणि सर्वांत भयंकर म्हणजे एअरबॅगचा वीजपुरवठाही त्याच खटक्यावर अवलंबून असल्याने, गाडी झाडावर वा दुसऱ्या वाहनावर आदळली तरी एअरबॅग उघडत नसे.

हा दोष कोणाला ठाऊक नव्हता, असे नाही. मापात न बसणारा हा सुटा भाग कंपनीच्या आरेखन अभियंत्याने २००२ मध्ये जाणूनबुजून मंजूर केला होता. गाडी बाजारात येताच चालता चालता इंजिन बंद पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. पण धावती गाडी बंद पडणे हा प्रश्न कंपनीने सुरक्षिततेच्या खात्यात न टाकता ‘ग्राहकाची गैरसोय’ या खात्यात टाकला. येथेच सारा हिशेब चुकला. एकदा गैरसोय ठरली की उपायाची घाई कशाला! २००५ मध्ये सुधारणेचा विचार झाला, तेव्हा लागणारा वेळ व खर्च फार असल्याचे कारण देऊन तो बाजूला ठेवण्यात आला. पुढे अमेरिकी संसदेच्या चौकशीत या दुरुस्तीसाठी लागणाऱ्या सुट्या भागाची किंमत ५७ सेंट सांगितली गेली. म्हणजे एका डॉलरला जरा अधिक अर्धा. त्या वर्षी कंपनीने विक्रेत्यांना एक परिपत्रक तेवढे पाठवले. ग्राहकांना किल्लीच्या कड्यातील जड वस्तू काढून टाकण्यास सांगावे, असा त्याचा आशय होता.

यानंतरची गोष्ट कोणत्याही व्यापाऱ्याला अधिक खटकेल. २००६ मध्ये त्याच अभियंत्याने सुधारलेली, लांब दांडीची नवी रचना मंजूर केली. पण भागाचा क्रमांक बदलला नाही. जुना माल आणि नवा माल एकाच क्रमांकाखाली! ज्याने आयुष्यात एकदा तरी गोदामाचा साठा मोजला आहे, त्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. दुकानांच्या फळ्यांवर सदोष व निर्दोष खटके एकत्र पडले. दुरुस्तीसाठी आलेल्या नव्या गाडीत जुना खटका बसण्याची वाट मोकळी झाली, आणि म्हणूनच पुढे २००८ ते २०११ च्या गाड्याही परत बोलावाव्या लागल्या. अपघातांचा छडा लावू पाहणाऱ्या कंपनीतल्याच इतर अभियंत्यांनाही या गुप्त बदलामुळे वर्षानुवर्षे चकवा बसला: अलीकडच्या गाड्यांत अपघात का घटले, याचा उलगडाच होईना. कागदोपत्री तर काहीच बदललेले नव्हते.

विस्कॉन्सिन राज्यात २००६ मध्ये झालेल्या एका अपघातात दोन तरुण मुली गेल्या. त्याचा तपास करणाऱ्या पोलिसाने २००७ च्या आरंभी दिलेल्या अहवालात, किल्ली सरकलेली होती व त्यामुळे एअरबॅग उघडली नसावी, असे स्पष्ट लिहिले. कंपनीच्या त्या परिपत्रकाचा हवालाही दिला. हा अहवाल कंपनीच्या दप्तरात होता. रस्ता-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेकडेही त्याच वर्षी एअरबॅग न उघडण्याच्या तक्रारींची चौकशी करावी असा प्रस्ताव आला होता, तो नाकारला गेला. म्हणजे एका साध्या शिपायाने जोडलेले दोन धागे दोन बलाढ्य कचेऱ्यांना जोडता आले नाहीत. शेवटी २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एका तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या आई-वडिलांनी दावा लावला, आणि त्यांच्या वतीने नेमलेल्या एका अभियंत्याने अपघातग्रस्त गाडीचा खटका व दुकानातून विकत आणलेला नवा खटका शेजारी शेजारी ठेवून मोजले. क्रमांक एकच, पण दांडीची लांबी वेगळी. दहा वर्षे न उकललेले कोडे दोन सुटे भाग टेबलावर ठेवताच उकलले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये पहिला रिकॉल जाहीर झाला. आरंभी सुमारे ८ लाख गाड्या, आणि दोन महिन्यांच्या आत आकडा २६ लाखांवर गेला. जानेवारीतच कंपनीची सूत्रे हाती घेतलेल्या मेरी बॅरा यांना एप्रिलमध्ये संसदीय समितीपुढे उत्तरे द्यावी लागली. अँटन वलुकास या विधिज्ञांनी केलेल्या चौकशीचा तीनशेहून अधिक पानांचा अहवाल जूनमध्ये प्रसिद्ध झाला व १५ कर्मचाऱ्यांना घरी जावे लागले. या अहवालात ‘जीएम नॉड’ नावाचा एक प्रकार वर्णिलेला आहे. बैठकीत सर्वांनी उपायाला मान डोलवायची, आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या कित्येक संस्थांच्या सभांचे इतिवृत्त वाचताना या मान डोलावण्याची आठवण व्हावी! कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लेखनात कोणते शब्द टाळावेत याचीही एक यादी २००८ मध्ये शिकवली जात होती. ‘दोष’ लिहायचे नाही, ‘आरेखनानुसार कार्य करीत नाही’ असे लिहायचे. ‘अडचण’ म्हणायचे नाही, ‘बाब’ म्हणायचे. दोषाला नावच न उरल्यावर त्याची नोंद कोणत्या खात्यात पडणार?

हानी पोहोचलेल्यांसाठी कंपनीने निधी स्थापन केला व त्याचे काम केनेथ फाइनबर्ग यांच्याकडे सोपवले. कंपनीने आरंभी १३ मृत्यू मान्य केले होते. निधीने सारे दावे तपासून १२४ मृत्यूंची व २७५ जखमींची भरपाई मंजूर केली. रक्कम ५९ कोटी डॉलरच्या पुढे गेली. शिवाय २०१५ मध्ये फौजदारी कारवाईच्या तडजोडीपोटी ९० कोटी डॉलर भरावे लागले. ५७ सेंटांची बचत अशी महागात पडली.

सात वर्षांनी याच शेवरोलेच्या बोल्ट या विजेच्या गाडीत बॅटरीला आग लागण्याचे प्रकार घडले. २०२० मधील पहिल्या रिकॉलमध्ये संगणकीय आज्ञावली बदलून भागवण्यात आले. परंतु दुरुस्त केलेल्या गाड्याही पेटल्या, तेव्हा २०२१ मध्ये कंपनीने आजवर बनवलेल्या जवळजवळ १ लाख ४० हजार बोल्ट गाड्या परत बोलावल्या. गाडी घरापासून दूर, उघड्यावर ठेवा, असे मालकांना सांगण्याची नामुष्कीही तिने पत्करली. पहिला उपाय अपुराच होता. पण चूक कबूल करण्यास या वेळी दशक लागले नाही, एवढे श्रेय द्यायला हवे.

कोबाल्ट भारतात विकली गेली नाही. शेवरोले मात्र महाराष्ट्रात घरोघरी होती. तळेगावचा कारखाना २००८ पासून तिचाच. येथेही २०१३ मध्ये १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या गेल्या. सरकारी तपासणीच्या वेळी नियमांना बगल दिली गेल्याची कबुली कंपनीनेच दिली होती. २०१५ मध्ये स्पार्क, बीट व एन्जॉय मिळून १ लाख ५५ हजार गाड्यांचा रिकॉल झाला. त्यात दोष मूळ यंत्राचा नव्हता. मागाहून बसवलेल्या रिमोटच्या उपकरणामुळे आगीचा धोका होता. नवी गाडी घेतल्यावर दुकानातून हौसेने जोडून घेतलेल्या सामानाकडेही म्हणूनच पाहायला हवे. २०१७ अखेर कंपनीने भारतातील विक्री थांबवली, पुढे तळेगावही बंद झाले. तरी जुन्या बीट व टवेरा अजून रस्त्यावर आहेत, आणि त्या बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या हाती आहेत.

नित्याची कटकट आणि सुरक्षेचा दोष यांत ग्राहकाने अंतर ठेवावे, हे येथे महत्त्वाचे. शेवरोले क्रूझच्या १.४ लिटर पेट्रोल इंजिनाचा पाण्याचा पंप गळण्याबद्दल अमेरिकेत कुप्रसिद्ध होता. कंपनीने त्याची हमी वाढवून दिली, रिकॉल केला नाही. पंपाचा खर्च खिशाला लागतो. खटका, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि इंधनाची नळी यांतील दोष मात्र घरच्या माणसांपर्यंत पोहोचतो. तेव्हा धावती गाडी अचानक बंद पडली, तर ती पुन्हा सुरू झाली एवढ्यावर समाधान मानून चालत नाही.

भारतात २०१२ पासून वाहन उत्पादक संघटनेच्या संहितेनुसार ऐच्छिक रिकॉल होत असत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला सक्तीचा रिकॉल लावण्याचा अधिकार मिळाला, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनांबाबत, विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येहून अधिक तक्रारी आल्या तर उत्पादकाला गाड्या परत बोलावाव्या लागतात. दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. तक्रारींची संख्या हाच येथे आधार असल्याने, गॅरेजवाल्याकडे कुरकुर करून घरी येणाऱ्या ग्राहकाची तक्रार मोजलीच जात नाही.

रिकॉलची दुरुस्ती विनामूल्य असते. तिची सूचना कंपनीच्या दप्तरात नाव असलेल्या मालकाला जाते, आणि जुनी गाडी घेणाऱ्या घरांची अडचण येथेच होते. पेढीच्या नावावरची गाडी पुतण्याला दिली, त्याने ती मित्राला विकली, पत्र मात्र जुन्याच पत्त्यावर येऊन रद्दीत गेले, असे सर्रास घडते. गाडी हाती येताच नोंदणीपुस्तकातील चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात जावे, या क्रमांकावर काही रिकॉल बाकी आहे काय ते विचारावे, आपला दूरध्वनी व पत्ता तेथे नोंदवावा आणि झालेल्या दुरुस्तीची पावती विम्याच्या कागदांसोबत ठेवावी. बदललेल्या भागाचा क्रमांकही त्या पावतीवर लिहून घ्यावा.