हिंदी महासागर : १९७१ चा ठराव कोठे बुडाला?

१६ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने हिंदी महासागर हे शांतताक्षेत्र म्हणून घोषित केले. ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली तोही हाच दिवस. आणि अमेरिकेच्या सातव्या आरमाराची ‘एन्टरप्राइज’ ही विमानवाहू नौका भारताला धाक घालण्यासाठी बंगालच्या उपसागराकडे धाडण्यात आली तीही त्याच सुमारास. सिलोनने, म्हणजे आजच्या श्रीलंकेने, पुढाकार घेतलेल्या या ठरावाच्या बाजूने ६१ मते पडली, विरोधात एकही नाही. ५५ राष्ट्रे तटस्थ राहिली. भारताने बाजूने मत दिले, आणि दोनच महिन्यांपूर्वी राष्ट्रसंघातील आपली जागा मिळविलेल्या लोक-चीननेही दिले. १९६२ च्या युद्धाच्या जखमा ओल्या असतानाही या प्रश्नावर दोघे एका बाजूला होते. (सोव्हिएत संघ तटस्थ राहिला होता, हेही लपविण्याचे कारण नाही.)

आज त्याच दोन राष्ट्रांची आरमारे त्याच पाण्यात एकमेकांवर पाळत ठेवीत आहेत. चीनला लागणाऱ्या तेलाचा मोठा भाग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो आणि सिंगापूरजवळ ही वाट तीन किलोमीटरांहूनही अरुंद होते. ती कोणी अडविली तर, ही बीजिंगची धास्ती. भारतही आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो, तेव्हा नवी दिल्लीची धास्तीही खोटी म्हणता येत नाही. परंतु एकाने संरक्षण म्हणून बांधलेला धक्का दुसऱ्याला वेढा वाटतो, आणि या चढाओढीत दोन्हीकडच्या कष्टकऱ्यांच्या घामाचा पैसा समुद्रात ओतला जातो.

चीनने २०१७ मध्ये जिबुती येथे आपला पहिला परदेशी लष्करी तळ उघडला. त्याच वर्षी श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीच्या हाती गेले. ब्रिटिशांनी १८९८ मध्ये हाँगकाँगलगतचा मुलूख नेमका ९९ वर्षांच्याच पट्ट्याने घेतला होता. त्या आकड्याचा अर्थ चिनी जनतेला कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी.

भारताच्या सत्ताधाऱ्यांनी याला दिलेले उत्तरही त्याच जातीचे आहे. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने बांधलेल्या धावपट्टीचे व धक्क्याचे उद्‌घाटन २०२४ मध्ये झाले. मलाक्काच्या तोंडाशी असलेल्या ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ व नगर उभारण्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगलजमीन वळती करावयाचे ठरले आहे. त्या जंगलात राहणाऱ्या शोंपेन आदिवासींचे काय, या प्रश्नाला ‘सामरिक महत्त्व’ एवढेच उत्तर मिळते. अमेरिकी जहाजांना भारतीय बंदरांत इंधन व दुरुस्तीची सोय देणारा करार २०१६ मध्ये झाला. २०२३ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीने अमेरिकी नौदलाशी जहाजदुरुस्तीचा करार केला. ‘एन्टरप्राइज’ ज्या आरमाराची, त्याच आरमाराची जहाजे आता माझगावच्या कामगारांनी डागडुजी करून परत पाठवावयाची!

या साऱ्या चढाओढीत डिएगो गार्सियाचे नावही निघत नाही. १९६८ ते १९७३ या काळात चागोस बेटांवरील लोकांना घरादारातून हुसकावून तेथे अमेरिकी तळ उभारण्यात आला. मे २०२५ मध्ये ब्रिटन व मॉरिशस यांनी सही केलेल्या करारानुसार बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे जावयाचे, पण तळ मात्र राहावयाचा, पुन्हा ९९ वर्षे. भारत सरकारने या कराराचे स्वागत केले. भारत व चीन एकमेकांच्या बंदरांची मोजदाद करीत असताना या महासागरातील सर्वांत मोठा परकी तळ मात्र निर्धास्त आहे.

२०१६ चा करार रद्द करावा ही मागणी संसदेत, गोदीत आणि बंदराबंदरांत लावून धरली पाहिजे. तशीच दुसरी मागणी चीनकडेही करावी लागेल. १९७१ च्या ठरावाच्या पाठपुराव्यासाठी नेमलेल्या समितीवर भारत व चीन दोघेही होते; अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स पुढे तिच्यातून बाहेर पडले. ठराव मात्र कोणी रद्द केलेला नाही. तो पुन्हा मांडण्यासाठी नवी दिल्ली व बीजिंग यांना वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही.