रस्ता कुणाचा, धूळ कुणाची?

सोलापूरहून निघालेला ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद मागे टाकीत पटणचेरूपाशी हैदराबादच्या दारात येतो. तेथेच त्याला नेहरू बाह्यवळण मार्ग आडवा येतो. आठ पदरी, १५८ किलोमीटरचा हा राजमार्ग साऱ्या शहराभोवती कडे करून उभा आहे. परंतु त्यावर दुचाकीस मज्जाव आहे, रिक्षास मज्जाव आहे, पायी चालणारास तर आहेच आहे. आजारी बाप घेऊन उस्मानिया दवाखान्याकडे निघालेला भालकीचा शेतकरी आणि आडत बाजारात उधारी फेडायला आलेला देगलूरचा दुकानदार एस.टी.च्या खिडकीतून हा रस्ता पाहतात. म्हणूनच आमचा सवाल आहे : हा रस्ता कुणाचा?

रस्ते नकोत असे म्हणणारे करंटे आम्ही नव्हेत. मुंबईहून विजयवाड्याकडे जाणारा मालमोटारींचा लोंढा एके काळी शहराचे पोट चिरून जात असे. तो आज बाहेरच्या बाहेर जातो, ही लहान गोष्ट नाही. २००८ साली गच्चीबावली ते शमशाबाद हा पहिला टप्पा खुला झाला आणि २०१८ साली वर्तुळ पुरे झाले. जपानकडून काढलेल्या कर्जाचा मोठा आधार या कामास होता. तासाला १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेल्या मार्गावर सायकल वा रिक्षा सोडणे म्हणजे माणसे मारणे होय, हेही आम्हांस कळते. तेव्हा आमची तक्रार मनाईविषयी नाही. ज्याला मनाई केली त्याच्या पदरात त्याच्याऐवजी काय टाकले, हे कुणी सांगत नाही, ही आमची तक्रार आहे.

१९३२ साली याच हैदराबादेत निजामाच्या रेल्वेने २७ मोटारगाड्या घेऊन सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या राजवटीचे गोडवे गाण्याचे आम्हांस काही कारण नाही. रझाकारांचा जाच या भागातील घराघराने सोसला आहे. पुढे १९५६ साली त्या राज्याचे तीन तुकडे होऊन तीन राज्यांच्या पदरात पडले आणि आपण कुठल्या तुकड्यात गेलो, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. परंतु ज्यांच्या हाती मत नव्हते अशा रयतेसाठीही रस्त्याबरोबर गाडी लागते, एवढे त्या एकतंत्री कारभाऱ्यांना उमगले होते. मतांवर निवडून आलेल्या कारभाऱ्यांना ते उमगू नये, यास काय म्हणावे?

आता हिशेबाकडे वळू. लोकांच्या जमिनीवर आणि लोकांच्या नावे काढलेल्या कर्जावर उभा राहिलेला हा मार्ग २०२३ साली ३० वर्षांच्या कराराने आयआरबी या कंपनीस देण्यात आला. एकरकमी ७,३८० कोटी रुपये घेऊन टोलवसुलीचा हक्क तिच्या हवाली झाला. सरळ भागाकार केला तर वर्षाला २४६ कोटी पडतात. आज हाती आलेल्या रुपयाचे मोल उद्याच्या रुपयाहून अधिक असते, हे आम्ही विसरलेलो नाही; व्यवहार लाभाचा की तोट्याचा, याचा निवाडा तज्ज्ञांनी करावा. पण ३० वर्षे म्हणजे एक अख्खी पिढी. येणाऱ्या सहा विधानसभांचे उत्पन्न एका विधानसभेच्या काळात उचलण्याचा अधिकार कुणी दिला? विरोधी बाकांवरून या व्यवहारावर तुटून पडणारे श्री. रेवंत रेड्डी पुढे मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी तपासाची घोषणा केली. घोषणेने शेतकऱ्याचे पोट भरत नाही आणि टोलही उतरत नाही.

एवढ्याने भागले नाही. आता त्या कड्याबाहेर दुसरे कडे येत आहे. सुमारे ३४० किलोमीटरच्या या प्रादेशिक वर्तुळमार्गाचा उत्तर भाग संगारेड्डी, तूप्रान, गजवेल, भोंगीरवरून चौटुप्पलपर्यंत आखला आहे. आखणीची रेघ कागदावर पडते, पण ती जाते कुणाच्या तरी विहिरीवरून. २०१३ चा कायदा ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला देऊ करतो. पण चौपट कशाची? बाजारभाव ठरतो मुख्यतः नोंदलेल्या खरेदीखतांवरून, आणि खरेदीखतात खरी किंमत किती लिहितात, हे तालुका कचेरीबाहेर बसणाऱ्या मुद्रांकविक्रेत्यासही ठाऊक आहे. खोट्या आकड्याची चौपट करून खरा न्याय होत नाही. रस्ता झाल्यावर शेजारच्या जमिनीला सोन्याचा भाव येतो, पण ज्याच्या छातीवरून रस्ता गेला त्याचा त्या सोन्यात गुंजभरही वाटा नसतो.

याविरुद्ध ब्र काढला तर काय होते, तेही दिसले. जून २०२३ मध्ये भोंगीरजवळच्या रायगीर गावच्या शेतकऱ्यांना हातात बेड्या घालून न्यायालयापुढे आणण्यात आले. सरसकट बेड्या घालणे गैर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच बजावले होते. जमीन मागणाऱ्या हाताने बेडी पुढे करावी, ही कुठली नीती?

हे दूरचे दुखणे आहे, असे कुणी समजू नये. पवनार ते पत्रादेवी हा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला तेव्हा २०२४ साली कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी याच प्रश्नासाठी रान उठवले. भोंगीरचा शेतकरी तेलुगू बोलतो आणि कागलचा मराठी, परंतु मोजणीदाराची साखळी दोघांच्या बांधावर एकाच आवाजात पडते.

आमची मागणी साधी आहे. आखणी ग्रामसभेपुढे आधी ठेवा, नोटीस मग काढा. मोबदला खऱ्या भावाने द्या आणि वाढीव मूल्यात मूळ मालकाचा वाटा धरा. दोन्ही बाजूंचे सेवारस्ते अखंड करा आणि त्यांवर सामान्यांच्या गाड्या धाववा. टोलचा हिशेब दरवर्षी चव्हाट्यावर मांडा.

हैदराबादेत मेहदीपट्टणमहून निघणाऱ्या ११.६ किलोमीटरच्या उन्नत मार्गाला श्री. पी. व्ही. नरसिंह राव यांचे नाव आहे. हरिभाऊ आपट्यांची एक मराठी कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. त्यांच्या नावाच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या राज्यकर्त्यांना त्या कादंबरीचे नाव तरी आठवावे : ‘पण लक्षात कोण घेतो?’ ते लक्षात घेत नसतील, तर लक्षात आणून देणे, वाचकहो, तुमच्या-आमच्या हाती आहे.