‘आउट’ कोण झालं?



सध्या शाळेत मुलांच्या तोंडी एक शब्द फार ऐकू येतो, ‘आउट’. हा क्रिकेटमधला आउट नव्हे, ‘शार्क टँक इंडिया’ या टीव्ही कार्यक्रमातला आहे. कुणीतरी आपला धंदा घेऊन श्रीमंत उद्योजकांसमोर उभा राहतो, कंपनीतला काही हिस्सा देऊ करतो आणि भांडवल मागतो. ज्याला पैसे घालायचे नसतात तो उद्योजक म्हणतो, “मी आउट.” 20 डिसेंबर 2021 रोजी सोनी वाहिनीवर हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे तुकडे मोबाईलवर आजही फिरतात. मग शाळेत आणि घरातही वाद रंगतो, की कुणाला पैसे मिळायला हवे होते आणि कुणाला घरी पाठवायला हवं होतं.

असाच एक वाद आमच्या आठवीच्या वर्गात झाला. विषय होता मालेगाव तालुक्यातल्या कमलेश घुमरे या तरुणाचा. ‘जुगाडू कमलेश’ म्हणून तो देशभर माहीत झाला. जानेवारी 2022 मध्ये तो आपल्या चुलत भावाबरोबर या कार्यक्रमात आला होता. सायकलचे भाग वापरून त्याने शेतीसाठी एक गाडी बनवली होती. पाठीवर पंप न घेता तिने फवारणी करता येते. आपल्या भागात सोयाबीन आणि तुरीवर फवारणी करणाऱ्याला विचारा, पाठीवरच्या 16 लिटरच्या पंपात नुसत्या पाण्याचंच वजन 16 किलो होतं. कमलेशने या यंत्रासाठी सात वर्षं घालवली होती.

त्याने 10 टक्के हिश्शाच्या बदल्यात 30 लाख रुपये मागितले. बाकीचे उद्योजक एकेक करून बाहेर पडले. लेन्सकार्टचे पीयूष बन्सल तेवढे थांबले. त्यांनी 40 टक्के हिश्शासाठी 10 लाख आणि वर 20 लाख रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केलं. कमलेशने ते मान्य केलं.

“मॅडम, चाळीस टक्के म्हणजे लूट आहे,” एक मुलगा म्हणाला. मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “बाकीचे बाहेर पडले तेच बरोबर होतं. यंत्र चांगलं असून काय उपयोग? धंदा कुठे उभा राहिला होता?” वर्गात दोन तट पडले. मी फळ्याकडे वळले, कारण हा वाद आवाजाने नव्हे, शेकडेवारीनेच सुटणार होता.

दहा टक्क्यांचे 30 लाख, तर पूर्ण कंपनीची किंमत किती? 3 कोटी. चाळीस टक्क्यांचे 10 लाख, तर? 25 लाख. म्हणजे मागणाऱ्याने कंपनीची किंमत 3 कोटी धरली होती आणि देणाऱ्याने 25 लाख. बाकीचे 20 लाख हा हिस्सा नव्हता, ते परत करायचं कर्ज होतं. हे कळल्यावर ‘लूट’ म्हणणारा मुलगा जरा थांबला, आणि ‘बरोबर’ म्हणणारी मुलगीही. कारण त्या 25 लाखांत कमलेशच्या सात वर्षांची किंमत कुठे धरली होती, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते जे बाहेर पडले त्यांचं हिशोबाने चुकलं नाही. जो थांबला त्याने हिशोब सोडला नाही आणि माणूसही पाहिला. तिथे मला त्याचं मन मोठं वाटलं.

पण मला खरं बोलायचं आहे ते ‘आउट’ या शब्दाबद्दल. त्या कार्यक्रमात उद्योजक म्हणतो, “मी आउट.” म्हणजे या सौद्यातून मी बाजूला होतो, माझे पैसे मी घालत नाही. बाहेर तो पडतो. आपल्या कानाला मात्र ऐकू येतं, “तू आउट.” मग आपण ठरवून टाकतो की समोरचा माणूसच बाद झाला.

‘तू आउट’वाले कार्यक्रम वेगळे. 2004 मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांचा ‘द अप्रेंटिस’ सुरू झाला. तिथे नोकरी एकच होती आणि उमेदवार सोळा. त्यामुळे एक टिकायचा तर बाकीच्यांना काढावंच लागायचं. पहिल्या वर्षीच्या अंतिम फेरीत क्वामे जॅक्सन या स्पर्धकाच्या मदतनीस बाईने त्याच्याशी खोटं बोलून कामाचा घोळ केला, तरी त्याने तिला काढलं नाही. शेवटी बिल रॅन्सिक जिंकला. क्वामेने तिला तेव्हाच काढायला हवं होतं का, यावर प्रेक्षक पुष्कळ भांडले. तिथे तो वाद योग्यही होता. ‘शार्क टँक’मध्ये मात्र एकाला भांडवल मिळालं म्हणून दुसऱ्याचं जात नाही. तिथे ‘नाही’ म्हणजे एका माणसाने एका दिवशी आपल्या पैशांबद्दल घेतलेला निर्णय, एवढंच.

असा निर्णय चुकतोही. 2013 मध्ये जेमी सिमिनॉफ नावाचा एक जण दारावरच्या कॅमेऱ्याची घंटा घेऊन अमेरिकेतल्या ‘शार्क टँक’मध्ये गेला आणि रिकाम्या हाताने परतला. पुढे तीच कंपनी ‘रिंग’ नावाने मोठी झाली. 2018 मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली. त्याच वर्षी सिमिनॉफ त्याच कार्यक्रमात पाहुणा उद्योजक म्हणून खुर्चीत बसला. आणि ‘हो’ मिळालं तरी ते अखेरचं नसतं. कॅमेऱ्यासमोरचा होकार तोंडी असतो. त्यानंतर कागदपत्रं तपासली जातात, अटी बदलतात, काही सौदे मोडतातही.

आता आपल्या घराकडे येऊ. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या सुनेला डब्यांचं काम सुरू करायचं होतं. मुलगी बी.ए. झालेली, हाताला चव. एका रात्री जेवणानंतर सासरे, जेठ आणि नणंद बसले. “आपल्या घरात बायका धंदा करत नाहीत,” “लोक काय म्हणतील,” आणि विषय संपला. ती मला नंतर म्हणाली, “आपा, नाही म्हणाले त्याचं एवढं दुःख नाही. किती पैसे लागतील, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं.”

भगिनींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. टीव्हीवरचे अनोळखी उद्योजकसुद्धा नकार देण्याआधी दहा प्रश्न विचारतात. एक नग बनवायला खर्च किती? विकता कितीला? घेतं कोण? आतापर्यंत किती विकले? आपण आपल्या लेकी-सुनांना, बारावीला कमी गुण पडलेल्या पोराला, एकही प्रश्न न विचारता बाद करतो.

पण मी आंधळ्या होकाराच्याही बाजूची नाही. दया येऊन दिलेले पैसे बुडाले, की नातंही बुडतं. म्हणून हिशोब मांडायला शिकू. समजा, एका ड्रेसची शिलाई 250 रुपये मिळते. अस्तर, दोरा, वीज मिळून 70 गेले. उरले 180. त्यात तीन तास गेले असतील, तर तासाला 60 रुपये सुटले. हातवळणीच्या शेवया असोत की मसाला, हे गणित वहीत मांडलं की ‘परवडतं’ की ‘परवडत नाही’ ते वहीच सांगते. मग नकार मिळाला तरी तो वहीतल्या आकड्यांना मिळतो, मुलीला नव्हे. आकडे तर सुधारता येतात.

दुसरी गोष्ट, पैसे कुठल्या नावाने दिले ते आधी ठरवावं. भावाने बहिणीला 20 हजार दिले, ते काय आहेत? मदत असेल तर परत मागायचे नाहीत. कर्ज-ए-हसना असेल तर व्याज नाही, पण मुद्दल परत करायचं. शिरकत, म्हणजे भागीदारी असेल तर नफ्यात हिस्सा आणि तोट्यातही हिस्सा. कमलेशच्या सौद्यात भागीदारीचे 10 लाख वेगळे आणि कर्जाचे 20 लाख वेगळे होते, हे पुन्हा आठवा. आपल्याकडे तिन्हींची खिचडी होते. नफा झाला की भाऊ भागीदार होतो आणि तोटा झाला की त्याचंच कर्ज होतं. मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. घरातल्या माणसाशी कसलं लिहिणं, असं म्हणून आपण ती टाळतो आणि पुढे वर्षानुवर्षं बोलणं बंद ठेवतो.

आमच्या किल्लारीला तर माणसाची किंमत एका दिवसाच्या आकड्यावरून करू नये, हे वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर पत्र्याच्या शेडमध्ये ज्यांनी पुन्हा दुकान मांडलं, त्यांच्याकडे दाखवायला काय होतं? कागदावर मोजलं असतं तर सगळं गावच शून्य निघालं असतं.

तेव्हा कार्यक्रम जरूर पाहा, कुणाला भांडवल मिळायला हवं होतं यावर जरूर भांडा. मुलांची शेकडेवारी तरी पक्की होईल. पण टीव्ही बंद झाल्यावर घरातल्या एखादीला विचारा, “तुला काय सुरू करायचंय? किती लागतील?” उत्तर ऐकून हो म्हणा किंवा नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण नाही म्हणायचं झालं तर “माझ्याने जमणार नाही” एवढंच म्हणा. “तुझ्याने जमणार नाही” असं म्हणू नका.