बळीचे राज्य आणि पुरोहितशाहीचा कल्पित काळ

बिंदुसरेकाठच्या पालीसारख्या गावांतून बलिप्रतिपदेला 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जात आले आहेत. पुराणात जिंकला तो वामन; लोकांनी मात्र राज्य मागितले ते हरलेल्याचे. या विसंगतीचा सर्वांत धीट अर्थ जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) लावला, असे आम्हांस वाटते.

धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून, सोळा भागांत, फुले एक अखंड कालखंड उभा करतात. मत्स्य म्हणजे मचव्यांतून आलेली टोळी, नरसिंह म्हणजे सिंहाचे सोंग, वामन म्हणजे बळीच्या राज्यावर चालून आलेला पुरोहित-सेनानी. खंडोबा हा बळीच्या एका खंडाचा अधिकारी, तर म्हसोबा हा मोठ्या सुभ्याचा 'महासुभा'. बीडच्या खंडोबाच्या टेकडीवरील दीपमाळांकडे ही मांडणी मनात ठेवून पाहावे. ओळखीचे दैवत एकाएकी पदच्युत अंमलदार होऊन समोर येते.

वर्गात या ग्रंथाची दोन प्रकारे वासलात लावली जाते. एक पक्ष म्हणतो, या व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकत नाहीत, सबब ग्रंथ बाद. दुसरा पक्ष त्यातील शब्द न्‌ शब्द इतिहास मानतो. दोन्ही पक्ष एकच चूक करतात : ते कल्पनेला पुरावा समजून तपासतात. व्युत्पत्ती टिकत नाहीत, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु दशावतार तरी कोणत्या पुराव्यावर उभे आहेत? फुले कथेला कथेनेच उत्तर देतात. ज्या पोथीने सत्तेला दैवी ठरविले, तीच पोथी ते पराभूताच्या बाजूने वाचतात.

तुलनेसाठी तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' (१९७२) घ्यावे. तेथे ब्राह्मणांची मानवी भिंत रंगमंचावर उभी राहते, दुभंगते आणि पुन्हा जुळते. अखेरीस घाशीराम मरतो, व्यवस्था मात्र शाबूत राहते. त्या जगाला बाहेर नाही. फुल्यांच्या जगाला बाहेर आहे, कारण पुरोहितशाहीपूर्वी काही वेगळे होते अशी स्मृती त्यांनी रचली आहे. जे कधीतरी सुरू झाले ते संपूही शकते, हा त्या कल्पिताचा खरा युक्तिवाद होय.

या रीतीत धोकाही आहे. उलटे पुराणही शेवटी पुराणच. दोष व्यवस्थेवरून जन्मावर सरकू लागला की नवे सोवळे जन्माला येते. म्हणूनच 'गुलामगिरी' इतिहासाच्या तासाला केवळ नामोल्लेखापुरती न ठेवता साहित्याच्या तासाला सविस्तर वाचली जावी, असा आमचा आग्रह आहे. बळी खरोखर होता काय, हा प्रश्न संशोधकांकडे सोपवावा. त्याचे राज्य अद्याप मागावे का लागते, हा प्रश्न मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याला टाळता येणार नाही.