पदके पुष्कळ झाली, आता दार उघडा!

जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये दीडशेहून अधिक देशांची शाळकरी मुले आपापला यंत्रमानव घेऊन जमली होती. 'सेगवे'चे जनक डीन केमेन ह्यांच्या पुढाकाराने भरलेला 'फर्स्ट ग्लोबल'चा तो पहिलाच मेळा. प्रत्येक संघास सामुग्रीची सारखीच पेटी आणि सर्वांपुढे प्रश्नही एकच, पाण्याचा. निळा चेंडू म्हणजे स्वच्छ पाणी, नारिंगी चेंडू म्हणजे त्यातील घाण. यंत्राने ते वेचून निराळे करावयाचे. आमच्या मुंबईच्या मुलांचा संघही तेथे होता आणि तो रिकाम्या हाताने परतला नाही, पदके घेऊन आला. त्या मुलांचे कौतुक त्या वेळी झाले, ते यथायोग्यच झाले. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते त्याच सभागृहातील दुसऱ्या एका संघाविषयी. तो संघ अफगाणिस्तानातील हेरात शहराच्या सहा मुलींचा होता.

सामुग्रीची पेटी सर्वांस सारखी, असे आम्ही वर म्हटले. ते कागदावर खरे. हेरातची पेटी मात्र जकातीच्या नाक्यावर अडकून पडली. 'यंत्रमानव' हा शब्द वाचताच अंमलदारांस दहशतवाद्यांची शस्त्रे आठवली! इतर संघांस यंत्र जुळविण्यास चार महिन्यांपर्यंत अवधी मिळाला; ह्या मुलींच्या वाट्यास जेमतेम दोन आठवडे आले. मधल्या दिवसांत त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. घरात जे सापडेल त्यातून यंत्रे बनवून त्या हात चालवीत राहिल्या.

पेटी सुटली तो व्हिसा अडला. हेरातहून काबूलची अमेरिकन वकिलात सुमारे ८०० किलोमीटर दूर, आणि तो प्रदेश म्हणजे काही मुंबई-पुणे रस्ता नव्हे. शहराशहरांतून स्फोट होत असताना ह्या मुली दोन वेळा काबूलला गेल्या आणि दोन्ही वेळा नकार घेऊन परतल्या. विनोद असा की, त्यांच्या यंत्रास अमेरिकेत जाण्याची मुभा होती! यंत्र वॉशिंग्टनला जाईल आणि ज्यांनी ते घडविले त्यांनी हेरातमध्ये बसून पडद्यावर त्याची हालचाल पाहावी, अशी तोड निघाली होती. पुढे जगभर गवगवा झाला, अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी स्वतः लक्ष घातले आणि मेळ्याच्या आदल्या दिवशी मुली अमेरिकेत उतरल्या. गांबियाच्या संघासही प्रथम नकारच मिळाला होता. त्याचा गवगवा त्या मानाने कमी झाला, हेही नमूद केले पाहिजे.

मेळा संपताना ह्या मुलींस रौप्यपदक मिळाले, ते 'धैर्या'बद्दल. त्या पदकाचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. पण जो विद्यार्थी आपल्या यंत्रापाशी उभा असतो, त्याला काय हवे असते? चाक का घसरते, अमुक दाता का बसविलास, चेंडू अडकला तर काय करशील, असे कोणी त्यास विचारावे, हे त्यास हवे असते. परीक्षकाच्या एका खोचक प्रश्नाने जे शिकावयास मिळते ते दहा सत्कारांत मिळत नाही. हेरातच्या मुलींभोवती छायाचित्रकारांची गर्दी लोटली, पण ती त्यांच्या यंत्रासाठी नव्हती, त्यांच्या हालांसाठी होती. आपल्याकडील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतूनही पाहुणे मुलाच्या पाठीवर थाप मारतात, फोटो काढवितात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात, हे ह्या निमित्ताने आठवल्यावाचून राहत नाही.

ह्याच मेळ्याच्या अखेरीस बुरुंडीच्या संघातील सहाही मुले नाहीशी झाली आणि त्यांतील दोघे सीमा ओलांडून कॅनडात गेल्याचे उघड झाले. व्हिसाच्या खिडकीवरील अंमलदाराचा संशय अगदीच निराधार नसतो, असे कोणी म्हणेल तर आम्ही ते नाकारणार नाही. पण एका संघातील मुले पळाली म्हणून दुसऱ्या संघास दार बंद, हा न्याय कोणता? हेरातच्या मुली तर मायदेशी परतल्या, आणि परतल्या त्या कशासाठी, हेही पाहा. १ ऑगस्ट २०१७ रोजी हेरातच्या एका मशिदीत आत्मघातकी हल्ला झाला. त्यात संघनायिका फातिमा कादिरयान हिचे वडील ठार झाले. वॉशिंग्टनचे पदक घेऊन येऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

असे असूनही त्याच वर्षी नोव्हेंबरात हा संघ एस्टोनियातील टॅलिन येथे 'रोबोटेक्स'च्या मेळ्यात उभा राहिला. लहान शेतकऱ्यास शेतात मदत करील असे सौरशक्तीवर चालणारे यंत्र त्यांनी तेथे मांडले आणि उद्योजकतेच्या स्पर्धेत पहिला क्रमांक पटकाविला. हे बक्षीस धैर्याचे नव्हते, यंत्राचे होते! आमच्या मते त्या मुलींचा खरा गौरव झाला तो टॅलिनला. पुढे २०२० साली करोनाची साथ हेरातेत शिरली, तेव्हा ह्याच संघातील मुलींनी जुन्या टोयोटा कोरोला मोटारींचे सुटे भाग जमवून स्वस्तातील कृत्रिम श्वसनयंत्राचा नमुना तयार केला. मेळ्यांतून शिकलेली विद्या घरी कामास येते ती अशी.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. संघातील काही मुली कतारला, काही मेक्सिकोला निसटल्या. ज्या निसटू शकल्या नाहीत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या लाखो मुलींसाठी, प्राथमिक शाळेपुढचे वर्ग बंद झाले. मार्च २०२२ मध्ये ते उघडण्याचे वचन ऐन वेळी मोडले गेले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात विद्यापीठांची दारेही स्त्रियांस बंद झाली.

आणि आपण काय केले? २५ ऑगस्ट २०२१ रोजी भारत सरकारने अफगाण नागरिकांस पूर्वी दिलेले व्हिसा एका फटक्यात रद्दबातल ठरविले. काही पारपत्रे गहाळ झाल्याचे कारण सांगण्यात आले. सुरक्षिततेचे कारण आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु त्या फटक्यात सुट्टीसाठी घरी गेलेले, येथील विद्यापीठांत रीतसर नाव घातलेले विद्यार्थीही सापडले, आणि ज्या पुण्यात वर्षानुवर्षे अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकत आले, तेथील जागा रिकाम्या राहिल्या. त्यानंतर दूरशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या निघाल्या. त्या स्वागतार्ह आहेत. पण पाना हाती धरल्यावाचून यंत्र जुळत नाही, आणि प्रयोगशाळा काही पडद्यातून पाठविता येत नाही. २०२५ मध्ये अफगाण नागरिकांसाठी व्हिसाची नवी व्यवस्था सुरू झाली व तीत विद्यार्थ्यांचाही अंतर्भाव झाला. ह्या व्यवस्थेतून हेरातची एखादी मुलगी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात पोचणार असेल, तरच तिला अर्थ आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीस आले. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत स्त्री-पत्रकारांस प्रवेश नव्हता! ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद घ्यावी लागली. काबूलशी बोलण्याची गरज दिल्लीस वाटते, ती राजकारणाची गरज म्हणून आम्ही समजू शकतो. मग त्या बोलण्यात शिक्षणासाठी भारतात येऊ इच्छिणाऱ्या मुलींस देशाबाहेर पडू द्या, ही एक अट घालण्यास कोणाची आडकाठी आहे? कल्याणची आनंदीबाई जोशी १८८३ साली सातासमुद्रापार गेली, तेव्हा फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयाने तिला 'तू परकी' म्हणून परत धाडले नाही. म्हणून १८८६ साली ती पदवीधर झाली.

मुंबई आणि पुणे येथील विद्यापीठांनी व अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अफगाण मुलींसाठी काही जागा व वसतिगृहाच्या खोल्या येत्या प्रवेशापासूनच राखून ठेवाव्यात, राज्य शासनाने त्यांची फी माफ करावी आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्यांच्या अर्जांचा निकाल ठराविक मुदतीत लावावा, अशी आमची मागणी आहे. २०२१ साली जी मुलगी सहावी संपवून घरी बसविली गेली, ती आज महाविद्यालयात जाण्याच्या वयाची झाली आहे आणि तिच्यापाशी दाखविण्यास एकही प्रमाणपत्र नाही. तिच्या अर्जाबरोबर प्रमाणपत्र मागू नका, तिची प्रवेशपरीक्षा घ्या.