दारातला बर्फ आणि वडीलधारी माणसे



आपल्या वस्त्यांतली मुले-मुली शिकून कॅनडा-अमेरिकेत नोकरीला गेली, तिथे त्यांनी घरे केली आणि आता आईवडील चार-सहा महिने त्यांच्याकडे राहून येतात. जाताना मसाला, लोणची, स्वेटर यांची तयारी पुष्कळ होते. पण टोरांटो, मॉन्ट्रियल, बफेलो, शिकागो अशा ठिकाणी हिवाळ्यात जाणाऱ्याला तिथल्या एका घरकामाची माहिती सहसा कोणी देत नाही. ते काम म्हणजे दारातला बर्फ काढणे.

तिथे एका रात्रीत वीतभर बर्फ पडणे ही नवलाची गोष्ट नाही. तो काढला नाही तर गाडी बाहेर निघत नाही आणि तुडवला गेला की त्याचा काचेसारखा निसरडा थर होतो. बऱ्याच शहरांत घरापुढचा फुटपाथ ठरावीक तासांत मोकळा करणे घरमालकावर बंधनकारकही असते. मुलगा-सून सकाळी कामावर जायच्या घाईत आणि निवृत्त वडील म्हणतात, "मी काढतो की! उभा जन्म गिरणीत गेला, हा कापूस मला काय जड?"

दिसतो तो कापसासारखाच. पण जरा हिशेब करू. गाडी उभी करायची वाट ३ मीटर रुंद आणि १० मीटर लांब धरा. तिच्यावर २० सेंटिमीटर बर्फ, म्हणजे ६ घनमीटर. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी ६ क्विंटल झाला. ओला असला तर त्याच जागेत १५ क्विंटल सहज भरतो. पन्नास किलोची तीस पोती! आणि ती हमालासारखी पाठीवर घ्यायची नाहीत, तर हात लांब करून, थोडी थोडी उचलून बाजूला टाकायची. साठी उलटलेल्या माणसाला तीस पोती हलवायला कोणते घर सांगेल?

कंबर धरते हे खरेच, पण जीव जातो तो हृदयामुळे. अमेरिकेतल्या १९९० ते २००६ या काळाच्या पाहणीत बर्फ काढताना दुखापत किंवा त्रास होऊन दरवर्षी सरासरी साडेअकरा हजार माणसे इस्पितळात आल्याचे दिसले. या सतरा वर्षांत १,६४७ मृत्यू झाले, ते सगळे हृदयविकाराशी संबंधित होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामाची सवय नसलेल्या दहा निरोगी पुरुषांना बर्फ उपसायला लावले. दोनच मिनिटांत त्यांच्या हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांवर गेले. हे तर निरोगी लोक होते!

असे का होते? पाय जागेवर उभे आणि सगळा जोर हातांवर. उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, त्याने रक्तदाब चढतो. त्यात थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे हृदयाला रक्त जास्त लागते तेव्हाच वाट अरुंद होते. म्हणून बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी, छातीत दुखणाऱ्यांनी आणि रक्तदाब-मधुमेह ताब्यात नसलेल्यांनी फावड्याला हातच लावू नये. मुलांनीही संकोच न करता वडिलांना तसे सांगावे. पैसे घेऊन हे काम करणारी शेजारपाजारची तरुण पोरे तिथे मिळतात.

प्रकृती ठणठणीत असेल त्यांनी मात्र काम नीट समजून घ्यावे. तिथले फावडे आपल्यासारखे ओढायचे नसते. पुढे सुपासारखे रुंद आणि लांब दांड्याचे असते, ते ढकलायचे. बर्फ शक्यतो उचलूच नये, सरकवत कडेला न्यावा. उचलावाच लागला तर अर्धे फावडे भरावे, गुडघे वाकवावेत, एक हात पात्याजवळ धरावा आणि टाकताना कंबर पिळण्याऐवजी पाय वळवून सगळे अंग वळवावे. खांद्यावरून मागे फेकणे तर नकोच. बर्फ पडत असतानाच दोन-तीनदा थोडा थोडा काढला तर एकदम डोंगर उपसावा लागत नाही. उठल्या उठल्या बाहेर पडू नये. आधी घरात दहा मिनिटे हातपाय हलवावेत. भरल्या पोटी किंवा विडी-सिगारेट ओढून लगेच कामाला लागू नये. कपडे एकावर एक घालावेत, तोंडावर मफलर घ्यावा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी दम खावा.

एक युक्ती लक्षात ठेवा. रस्ता साफ करणारी नगरपालिकेची गाडी जाताना आपल्याच दाराशी बर्फाचा बांध घालून जाते. तिथे वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालतात. म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर आपल्या उजव्या हाताला बर्फ टाकावा. डावीकडचा ढीग ती गाडी पुन्हा आपल्याच वाटेवर आणते. निसरड्या जागी मीठ टाकतात, पण उणे दहाच्या खाली साधे मीठ फारसे चालत नाही, तिथे वाळू बरी.

गाडी सुरू करण्याआधी तिची मागची धुराची नळी मोकळी करावी. नळी बर्फाने बुजलेली असली तर विषारी वायू गाडीत भरतो. त्याला वास नसतो, त्यामुळे बसलेल्याला कळतही नाही.

बाहेर माणूस काम करत असताना घरातल्यांनी खिडकीतून अधूनमधून नजर टाकावी. छातीवर दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, घाम, गरगरणे असे काहीही झाले तर "पित्त झाले असेल" म्हणून सोडा-लिंबू पाजत बसू नये. ताबडतोब ९११ फिरवावा. त्यासाठी घराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवावा. मुलगा-सून कामावर गेल्यावर घरात राहणाऱ्या आईला तो वाचून सांगता आला पाहिजे. तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी तिच्याकडून चार वेळा म्हणवून घ्यावा.