चहा सोडून कर्ज फिटत नाही

कर्जात अडकलेल्या तरुणाला सल्ला देणाऱ्यांची पेण-रोह्यातच काय, कुठेच वाण नाही. टपरीवरचा चहा बंद कर, रिचार्ज स्वस्तातलं मार, गाडी विकून टाक, मित्रांबरोबर अलिबागला जाणं थांबव. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तर घरातली वडीलधारी मंडळी न विचारताही ऐकवतात. यूट्यूबवरच्या अर्थसल्लागारांनी या उपदेशाला नवं वेष्टण दिलं आहे. उत्पन्नाचे पन्नास-तीस-वीस असे वाटे करा, सहा महिन्यांचा राखीव निधी ठेवा, सर्वांत लहान कर्ज आधी फेडा म्हणजे हुरूप येतो. सगळ्यांच्या मुळाशी समजूत एकच: पोरगा उधळा म्हणून कर्जात आहे, तो ताळ्यावर आला की कर्ज आपोआप फिटेल.

ही समजूत त्रैराशिकापुढे टिकत नाही.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारा एक अविवाहित तरुण समजू. समजूच म्हणायचं, कारण इथे कोणा एकाची कहाणी सांगायची नाही. आकडे मात्र रोह्याच्या कुठल्याही आळीत ओळखीचे वाटतील. हातात महिना 14,000 रुपये. वडिलांच्या आजारपणात सावकाराकडून 20,000 घेतले, दर शेकडा दहा, म्हणजे महिन्याला 2,000 नुसतं व्याज. आईच्या नावावर मायक्रोफायनान्स कंपनीचं 40,000 चं दोन वर्षांचं कर्ज. वार्षिक 24 टक्क्यांनी त्याचा हप्ता साधारण 2,115. फोनचा बिनव्याजी हप्ता 1,500. एकूण 5,615 गेले, उरले 8,385. त्यात किराणा, लाइट बिल, वडिलांची औषधं.

आता त्याने चहा सोडला. दिवसाला 20 रुपये धरले तर महिन्याला 600 वाचले. ते सावकाराच्या 2,000 मध्ये घालून दरमहा 2,600 दिले आणि सावकाराने वरची रक्कम मुद्दलात धरली, तरी कर्ज फिटायला 16 महिने लागतात आणि वीस हजारांचे चाळीस हजार होतात. पण मुद्दल तुकड्यातुकड्याने घ्यायला सावकार सहसा राजी नसतो. ‘मुद्दलाची घाई नाही, व्याज तेवढं देत जा,’ हे त्याचं औदार्य! मग 600 रुपये बाजूला टाकत राहायचे. वीस हजार जमायला 34 महिने, आणि तोवर व्याजापोटी 68,000 गेलेले.

उलट, चहा चालू राहू दे. तेच 20,000 बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी मिळाले, त्यातून सावकाराला मोकळं केलं आणि सावकाराला जात होते तेवढेच 2,000 दरमहा गटाला दिले, तर 12 महिन्यांत सगळं फिटतं. व्याज पडतं सुमारे अडीच हजार. तरुण तोच, पगार तोच, टपरीही तीच. बदलला तो फक्त दर. काटकसर हा गुण आहे, हे कोणी नाकारत नाही. पण महिना दहा टक्क्यांपुढे त्या गुणाची किंमत दिवसाला वीस रुपये.

लहान कर्ज आधी फेडण्याचा मंत्र अमेरिकेतल्या डेव्ह रॅमसी यांनी लोकप्रिय केला. घरातल्या सगळ्या कर्जांचे दर आसपासचे असतील तर त्यात तथ्य आहे. एक खातं बंद झालं की माणसाला उभारी येते. पण आपल्या या तरुणाचं सर्वांत लहान कर्ज आहे फोनचं, आणि त्यावर व्याजच नाही. ते आधी उरकणं म्हणजे सावकाराला आणखी काही महिने पोसणं.

काटकसरीच्या प्रवचनाला पेणमध्ये आणखी एक अडचण आहे. या गावाने बचत करून पाहिलेली आहे. पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2010 मध्ये निर्बंध घातले. तपासणीत बोगस कर्जखाती निघाली आणि पै-पै साठवणारे ठेवीदार वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. तेव्हा ठेवीवरचं विमासंरक्षण एक लाखापुरतं होतं. ते पाच लाख झालं 2020 मध्ये. ज्या घरात आजीची ठेव अशी अडकली, तिथल्या नातवाला ‘बँकेत टाकत जा’ सांगणाऱ्याने आवाज जरा खालीच ठेवावा.

दुसरा पक्ष सावकाराची बाजू घेतो, आणि तो जास्त वजनदार आहे. सावकार महाग असेल, पण रात्री दहा वाजता दवाखान्यात भरायला पैसे कोण देतं? बँक कागद मागते, जामीन मागते, सिबिल बघते. हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या पोराकडे पगाराची पावती कुठून येणार? मूर्तीचा धंदा वर्षभर चालतो, पैसा मात्र भाद्रपदाच्या तोंडावर मोकळा होतो. मधल्या महिन्यांत घर चालतं ते उचल आणि हात उसन्यावर. दर आवळला तर सावकार हात आखडता घेईल आणि गरीब उघडा पडेल, असं हा पक्ष म्हणतो.

यातलं निम्मं खरं आहे. बँक वेळेवर उभी राहत नाही, हे खरं. पण त्यावरून कुठलाही दर क्षम्य ठरत नाही, आणि ही काही आजची शहरी भाबडी कल्पना नव्हे. दामदुपटीचा नियम जुन्या हिंदू कायद्यातला: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजी अमलातही हिंदू ऋणकोंसाठी तो मानला. आणि अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांनी हैराण झालेल्या ब्रिटनने 2 जानेवारी 2015 पासून काय केलं? दिवसाला 0.8 टक्क्यांची मर्यादा, आणि व्याज-दंड-शुल्क मिळून एकूण बोजा मुद्दलाच्या शंभर टक्क्यांहून अधिक नाही. आपल्या पणजोबांना तोंडपाठ असलेली दामदुप्पट लंडनला पुन्हा शोधावी लागली. त्याने तिथला कर्जव्यवहार काही बंद पडला नाही.

महाराष्ट्रातही कायदा आहे. सावकारी नियमन अधिनियम 2014 मध्ये आला आणि त्याखाली परवानाधारक सावकाराचे कमाल दर ठरले. शेतीकर्जाला तारण असल्यास वर्षाला 9 टक्के, नसल्यास 12. बिगरशेतीला तारणासह 15, विनातारण 18. म्हणजे आपल्या तरुणाच्या वीस हजारांवर पहिल्या महिन्याचं कायदेशीर व्याज 300 रुपये होतं. तो देतो 2,000. वरचे 1,700 रुपये ही त्याची उधळपट्टी म्हणायची का? विनापरवाना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हिशेब ठेवणं, पावती देणं बंधनकारक. कर्जाच्या बदल्यात खरेदीखत करून जमीन बळकावली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या अशा व्यवहाराची चौकशी करून ती परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. पेण-रोह्यात जमिनीचे भाव ज्या वेगाने चढले, तो पाहता हे कलम पाठ असायला हवं.

कायदा असून दर शेकडा दहाच राहतो, कारण तक्रार करणाऱ्याला उद्या पुन्हा त्याच दारात जायचं असतं. म्हणूनच स्वस्त कर्ज आणि तक्रार या दोन गोष्टी वेगळ्या काढून चालत नाही. दुसरं दार उघडं असेल तरच पहिल्या दारावर बोट ठेवता येतं.

तिसरा पक्ष अलीकडचा आणि तरुणांमध्येच लोकप्रिय: ॲपवाले लुटारू आहेत, बुडवा त्यांना. इथे निवड करावी लागते. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपनीचं कर्ज ॲपवरून घेतलं म्हणून बेकायदा ठरत नाही. ते थकवलं की सिबिल बिघडतं आणि पुढची कितीतरी वर्षं महागड्या दारांशिवाय दार उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये स्पष्ट केलं की राज्यांचे सावकारी कायदे अशा नोंदणीकृत वित्त कंपन्यांना लागू नाहीत, त्यामुळे 18 टक्क्यांची मर्यादाही त्यांना नाही. पण त्यांना नियमच नाहीत असं नव्हे. 2022 पासूनच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत, सगळे खर्च धरून वार्षिक दर आधी लेखी सांगायला हवा, आणि ॲपने फोनमधली नावं-नंबर, फोटो यांना हात लावायचा नाही. मामाला, सुपरवायझरला, मैत्रिणीला फोन करून बदनामी करणारा वसुलीवाला नियम मोडतो आहे. त्याची तक्रार आधी कंपनीकडे लेखी, तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीचा क्रमांक 14448. नोंदणीच नसलेलं ॲप धमकावत असेल तर 1930 ही सायबर मदतवाहिनी आणि पोलीस ठाणं.

रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर रोहेकर होता. चिंतामणराव देशमुखांनी 1943 मध्ये ते पद घेतलं, आणि रोह्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. तिथल्या मुलांना ताळेबंद शिकवतात. वसुलीवाला किती वाजेपर्यंत दारात येऊ शकतो, हेही शिकवलं तर देशमुखांची हरकत नसती. मायक्रोफायनान्सपुरतं उत्तर असं: सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोनसुद्धा करायचा नाही.

मायक्रोफायनान्सचा आणखी एक नियम मोलाचा आहे, पण त्यात एक भोकही आहे. एप्रिल 2022 पासून, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ द्यायचे नाहीत. घर म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हणजे आईचं मायक्रोफायनान्सचं कर्ज आणि मुलाचं फोनचं कर्ज एकाच पारड्यात. आपल्या घरात 14,000 चे निम्मे 7,000. चालू भार 5,615. आणखी दीड हजाराचा हप्ता या नियमाने मिळायला नको. पण सावकाराचे 2,000 कुठल्याच संगणकात दिसत नाहीत. कंपनीच्या ‘सरांना’ दिसतात 3,615, आणि ते सांगतात, ‘ताई, अजून बसतंय.’ अशी घरं निम्म्याची रेघ ओलांडतात ती कागदावर न ओलांडताच. सावकारी कर्ज अर्जात स्वतःहून सांगणं जिवावर येतं, कारण कर्ज नाकारलं जाईल. नाकारलं जावं, हेच त्यात हिताचं आहे.

तेव्हा करायचं काय? सगळी कर्जं दराच्या क्रमाने एका कागदावर मांडायची. रकमेच्या नव्हे, दराच्या. सर्वांत वरच्या दराचं कर्ज खालच्या दराच्या पैशाने काढायचं. घरात चार ग्रॅम सोनं असेल तर ते बँकेच्या सोनेतारणात ठेवून सावकार मिटवावा. कपाटातलं सोनं आणि महिना दहा टक्के व्याज एका घरात नांदू देण्यात अब्रू राखली जात नाही. आई सरकारी ‘उमेद’ अभियानाच्या बचत गटात असेल तर बँकेने गटाला दिलेलं तीन लाखांपर्यंतचं कर्ज 7 टक्क्यांत पडू शकतं, गटांतर्गत दर अर्थातच गट ठरवतो. मूर्तिकार आणि कुंभार हे दोन्ही व्यवसाय पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत आहेत: पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज 5 टक्क्यांनी, 18 महिन्यांसाठी. ते धंद्यासाठी आहे, सावकार फेडायला नव्हे. पण रंग आणि माती त्या पैशातून आली की उचल घ्यायची वेळ टळते. कंत्राटी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर आजारपणात त्यातून रक्कम काढता येते. हे सावकाराकडे जाण्याआधी आठवलं पाहिजे, नंतर नाही.

एक इशारा मात्र हवाच. आईच्या गटातून काढलेले पैसे मुलाने थकवले तर गटातल्या बाकीच्या बायका तिच्याकडे बघणं सोडतात. ते व्याज कुठल्याच कोष्टकात बसत नाही.

आणि दराची भाषा जिथे संपते, तिथे कातकरी तरुण उभा आहे. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांतून वीटभट्टी आणि कोळसाभट्टीवर जाणारी कुटुंबं आगाऊ उचल घेतात आणि अंगमेहनतीने फेडतात. हिशेब मालकाच्या वहीत. त्यांना चहा सोडायला सांगणं ही क्रूर थट्टा आहे. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणं ही वेठबिगारी, आणि 1976 च्या कायद्याने ते कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. इथे ‘बुडवा’ हा सल्ला थेट कायद्याचा आहे.

बड्या कंपन्यांच्या थकबाकीसाठी देशाने 2016 मध्ये दिवाळखोरी संहिता केली. तिच्यातच वार्षिक उत्पन्न 60,000 पर्यंत आणि कर्ज 35,000 पर्यंत असलेल्या माणसासाठी नव्याने सुरुवात करून देणारं प्रकरण आहे. कंपन्यांचा भाग लगेच सुरू झाला. या छोट्या माणसाच्या प्रकरणाची अधिसूचना रखडली. त्याला उधळपट्टीवर व्याख्यान देण्याआधी एवढं तरी सरकारने करावं.

तोवर सहकार खात्याकडे एक छोटी मागणी आहे. पेण आणि रोह्याच्या सहायक निबंधक कार्यालयांनी एसटी स्थानकावर, धाटावच्या नाक्यावर आणि हमरापूरच्या कारखान्यांजवळ एकेक फलक लावावा. त्यावर तक्रार कुठे करायची तो पत्ता आणि चार आकडे असावेत: 9, 12, 15, 18.